वरच्या खोलीतला नळ

४ जानेवारी

सूनबाई,

हे संबोधन लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि शेवटी कागदच बदलला. सात वर्षांत तुला काय म्हणायचं हे ठरवायचं राहूनच गेलं. दुसरं काही सुचेपर्यंत हेच चालवून घे. आशीर्वाद लिहीत नाही. तू मागितलेला नाहीस, आणि माझ्या आशीर्वादाचा भाव हल्ली बराच उतरलाय.

पत्ता तुझ्या नवऱ्याकडून मिळवला. कागदोपत्री अजून तो नवराच आहे ना? त्याने फोनवर विचारलं, कशाला हवाय? मी म्हटलं, गरम पाण्याचं काम आहे. तो म्हणाला, "बाबा, तब्येत बरी आहे ना तुमची?"

पण काम खरंच गरम पाण्याचं आहे. महिनाभर आमच्याकडे गरम पाणी लालसर येतंय. आधी तुझ्या सासूबाईंच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "माझे पांढरे केस तांबडे व्हायला लागले." मी म्हटलं, चष्मा पूस. चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केलेला माणूस मी, माझ्या घरात पाणी बिघडेलच कसं? आठवडाभर मी हे नाकाने कांदे सोलणं चालू ठेवलं. मग माझाच बनियन बादलीतून चहात बुडवल्यासारखा निघाला, आणि मी मुकाट्याने पाना शोधायला गेलो.

कट्ट्यावर काचेच्या चार बरण्या मांडल्या. थंड नळाची पहिली धार, थंड नळाची पाच मिनिटांनंतरची, मग गरम नळाची तशीच दोन. थंड दोन्ही स्वच्छ, म्हणजे बाहेरून येणारं पाणी निर्दोष. गरमची पहिलीच बरणी लाल असती तर दोष नळीत धरला असता, कारण नळीतलं उभं पाणी आधी येतं. पण दोन्ही लाल. म्हणजे दोष टाकीत. उद्या टाकी उघडतो.

बरण्या ओळीने मांडल्यावर तुझ्या रंगांच्या बरण्या आठवल्या. मागची शेड अजून उभी आहे. तुझी भांडी भाजायची भट्टी जिथे होती तिथली फरशी काळीच राहिली, कितीही घासली तरी. सासूबाई तिथे कपडे वाळत घालतात.

मुंगी कशी आहे? माझी नात आता दहा पूर्ण झाली असेल. उत्तर लिहायलाच हवं असं नाही.

तुझा सासरा


१५ जानेवारी

सूनबाई,

टाकी उघडली. तुला यात काय रस असणार, पण मला सांगायला दुसरं कोणी नाही. सासूबाई म्हणतात, मला फक्त पाणी दाखवा, प्रवचन नको.

गरम पाण्याच्या टाकीत एक मॅग्नेशियमची दांडी टांगलेली असते. पाण्याला लोखंड खायची सवय. ही दांडी मध्ये उभी राहते आणि म्हणते, मला खा. ती झिजते आणि टाकी वाचते. आमच्या उस्तादांच्या दुकानात तिला बकरा म्हणत. दर तीन-चार वर्षांनी बकरा बदलायचा असतो. मी गावभर लोकांना दटावून बदलायला लावला. आपल्या टाकीतला काढून पाहिला तर नुसती तार उरलेली. बसवल्यापासून एकदाही बदलला नव्हता. टाकीचा तळ गंजून पापुद्रे सुटले होते. कारण सापडलं, नवी टाकी बसवली, पाणी आता आरशासारखं येतंय. सासूबाईंनी चहा दिला आणि वर "सापडला का चोर?" असंही विचारलं.

इथेच पाकीट बंद करणार होतो.

जुनी टाकी काढताना वरच्या खोलीकडे जाणारी तांब्याची नळी कापावी लागली. ती नळी तुला आठवत असेल. मुंगी झाली तेव्हा तुला टाके होते आणि डॉक्टरांनी जिना चढू-उतरू नको म्हणून बजावलं होतं. आपला जिना चौदा पायऱ्यांचा. तू पाण्यासाठी कोणाला हाक मारायला संकोचायचीस. मी चार दिवस सगळी कामं बाजूला ठेवली, गरम पाण्याची वेगळी नळी वर नेली आणि पाळण्याशेजारी छोटं बेसिन आणि नळ बसवला. त्या दिवशी तू तुझ्या आईला फोनवर म्हणालीस, "माझ्या सख्ख्या बापानेही एवढं केलं नसतं गं." मी तेव्हा जिन्यात होतो. ते वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं पुरवून पुरवून खाल्लं.

एक विचारायचं होतं. मुंगीच्या दुधाची पावडर तू कुठल्या पाण्यात कालवायचीस? वरच्या नळाच्या, की खालून उकळून आणलेल्या? उगीच विचारतोय. म्हातारपणी जुनं काही धड आठवत नाही.

तुझा सासरा


२९ जानेवारी

सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं.

"वरच्याच नळाच्या. तुम्हीच सांगितलं होतं, उकळत बसू नकोस, माझ्या नळाला हवं तेवढंच गरम येतं. ती तीन वर्षांची होईपर्यंत तेच घेतलं. का विचारताय?"

मला आठवत होतं. तू विसरली असशील, अशी मला आशा होती.

का ते सांगतो. आधी एका ठिकाणी जाऊन यायचंय. कार्ड सासूबाईंनी पाहिलेलं नाही. माझ्या खिशात आहे.


१२ फेब्रुवारी

सूनबाई,

हे पत्र तू बसून वाच. मुंगी शाळेत गेली असताना वाच.

वरची नळी कापली तेव्हा जोडाच्या आत डाखाचा एक गोळा लोंबताना दिसला. तांब्याच्या नळ्या आम्ही डाख वितळवून जोडतो. चांगला कारागीर तो बाहेरच ठेवतो, पण थोडा आत ओघळतोच. मी नखाने खरवडलं. नख रुतलं. कागदावर घासलं तर शिसपेन्सिलीसारखी करडी रेघ उठली.

तो डाख शिशाचा होता. माझ्या उस्तादांनी काम सोडताना मला फडक्यात बांधून एक कांडी दिली होती. म्हणाले होते, "जुना माल आहे, असा आता मिळायचा नाही. मन लावून करशील त्या कामाला वापर." तोपर्यंत पिण्याच्या पाण्याला शिशाचा डाख लावायचा नाही, हे धंद्यात सगळ्यांना माहीत झालं होतं. मलाही. नवा डाख बिनशिशाचा येतो, पण तो रुसल्यासारखा वितळतो. जुना लोण्यासारखा पसरायचा. ती कांडी मी बारा वर्षं जपून ठेवली. कुठल्याच गिऱ्हाइकाचं काम मला तेवढ्या तोलाचं वाटलं नाही. नात झाली तेव्हा वाटलं.

वापरताना मनात आलं होतं, नाही असं नाही. पण म्हटलं, ही तर गरम पाण्याची लाइन, हात-तोंड धुवायला. गरम नळाचं पाणी कोण पितं? आणि आठवड्याने मीच तुला सांगितलं, दुधाला हेच घे. हे दोन विचार एकाच डोक्यात होते आणि एकमेकांना भेटले नाहीत. गरम पाणी शिसं जास्त ओढतं, आणि रात्रभर नळीत उभं राहिलेलं तर सर्वांत जास्त. मुंगीची पहिली बाटली रोज सकाळी त्याच पाण्याची.

कापलेली नळी मी नव्या टाकीला तात्पुरती जोडली, पाणी भरून रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी वरच्या नळाची पहिली धार बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत गेलो. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आजोबा, पहिल्या धारेचं आहे की सोडून घेतलेलं?" मी म्हटलं, पहिल्या धारेचं. ती म्हणाली, "छान. बरेच जण आधी पाच मिनिटं नळ सोडतात, मग काही सापडतच नाही." काल निकाल आला. चालतं त्याच्या एकोणीस पट शिसं. इतक्या वर्षांनंतर एवढं. नवं असताना किती असेल, ते मी विचारलं नाही.

तू विसरली नसशीलच, पण मला एकदा ओळीने लिहू दे.

मुंगी अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि शिसं निघालं. घरात कुठून येतंय ते शोधा, म्हणाले. तू म्हणालीस, "पाणी पाहा." मी म्हटलं, माझ्या घरचं पाणी? पण नमुना नेला. निकाल स्वच्छ आला. तो कागद मी जेवणाच्या टेबलावर सर्वांसमोर ठेवला. मग राहिले तुझे रंग. तू पाकिटं आणून दाखवलीस, त्यावर छापलेलं होतं की यात शिसं नाही. मी म्हटलं, पाकिटावर काय, कोणीही काहीही छापतं. आम्ही सगळ्यांनी मिळून खापर तुझ्या भांड्यांवर फोडलं. तू कुदळ घेतलीस आणि भट्टी पाडलीस. लोक ऑर्डर देऊन तुझी भांडी न्यायचे. मुंगीला उचलण्याआधी तू कोपरापर्यंत हात धुवायला लागलीस. साबण लावून, वरच्याच नळाच्या गरम पाण्याने, कातडी सोलवटेपर्यंत. सासूबाई तुझ्या हातचं पाणी प्यायच्या नाहीत.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा तसाच. तेव्हा तुझा नवरा तुला म्हणाला, "तू चोरून करतेस." मी तिथेच होतो. गप्प बसलो.

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला धडा हाच द्यायचो: एक व्हॉल्व्ह बंद करा, गळती तशीच राहिली तर गळती त्या बाजूला नाही, दुसरीकडे बघा. तुझी भट्टी बंद झाली आणि आकडा हलला नाही. हे मला दिसायला हवं होतं. तू मुलीला घेऊन गेलीस आणि आकडा उतरायला लागला. सगळ्यांनी मान डोलावली, बघा, रंग सुटले तसं पोर सुधारलं. घर सुटलं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तेव्हाचा तो नमुना मी खालच्या स्वयंपाकघरातल्या थंड नळाचा घेतला होता. सवयीप्रमाणे पाच मिनिटं नळ सोडून. वरच्या नळाचं तेव्हा लक्षातच आलं नाही.

प्रयोगशाळेचा कागद सोबत आहे. हा खरा आहे.


२० फेब्रुवारी

सूनबाई,

मागच्या पत्रातली एक ओळ खोटी आहे.

लक्षात आलं होतं.

त्या दिवशी मी बाटली घेऊन आधी वरच गेलो होतो. तू मागे शेडमध्ये होतीस, मुंगी पलंगावर झोपली होती. मी नळाखाली बाटली धरली. मग बेसिनखालचा जोड दिसला. चकचकीत, गुळगुळीत. उस्तादांनी पाहिला असता तर पाठ थोपटली असती. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कांडी आठवली. अर्धं मिनिट उभा असेन. मग कोरडी बाटली घेऊन खाली आलो आणि थंड नळ सोडला. पाच मिनिटं, घड्याळ लावून.

मी स्वतःला म्हटलं, शंकाच आहे नुसती. म्हटलं, खालचंच पाणी सगळे पितात, तेच तपासायला हवं. नंतर म्हटलं, रंगांमुळेच असेल, सगळे तेच म्हणताहेत. एकदा बोललो नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बोलता आलं नाही, आणि महिन्याभराने तर मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. पण तू गेल्यावर त्याच आठवड्यात मी वरच्या खोलीला कुलूप लावलं. सासूबाईंना सांगितलं, रिकामी खोली बघवत नाही. त्या रडल्या. खरं म्हणजे मला नळ बघवत नव्हता.

मला वाईट ठरायची भीती वाटली, एवढंच. माझ्या हातचं काम चुकलं, हे चार लोकांत निघू नये म्हणून मी तुला बळी दिलं. त्यानंतरही सहा महिने पोर तेच पाणी पीत राहिली. मी पाहत राहिलो. मला कीव नको आहे.

घरात सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं, भाजी तशीच ठेवून आत गेल्या. तासाभराने दारात येऊन म्हणाल्या, "मी त्या पोरीच्या हातचं पाणी ओतून द्यायचे." तेव्हापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. ताट वाढतात, पण शेजारी बसत नाहीत.

तुझ्या नवऱ्याला फोन केला. त्याने एकच विचारलं, "तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?" मी सांगितलं. त्याने फोन ठेवून दिला. तो तुला लिहील, किंवा तेवढीही हिंमत त्याला होणार नाही. तो माझाच मुलगा आहे.

वरची नळी भिंतीतून पूर्ण काढली. कापलेला जोड डबीत घालून या पत्रासोबत पाठवतोय. मुंगीच्या डॉक्टरांना दाखव, वकिलाला दाखव, जाळ, फेकून दे. वापर तुझ्या हाती आहे. क्षमा मागत नाही. मागितली की तुलाच उत्तर द्यावं लागेल, आणि एवढी वर्षं उत्तरं तूच देत आलीस.


६ मार्च

सूनबाई,

पाच दिवसांपूर्वी कार्ड आलं. माझ्या पत्रांना मिळून तीन ओळी, पण त्या वाचायला मला पूर्ण दुपार लागली.

"मला पुन्हा लिहू नका. मुंगीला लिहा. आईच्या भांड्यांमुळे आपण मागे पडलो, हे तिला तिच्या बाबांनी सांगितलंय. मी नाही म्हटलं तर तिला वाटतं आई लपवतेय. तुम्ही लिहा. छोटी वाक्यं, मोठं अक्षर, जोडाक्षरं तिला अजून वाचता येत नाहीत."

लिहिलं. एका कागदाला चार दिवस लागले. जोडाक्षरं टाळायला गेलो तर 'क्षमा' लिहिता येईना, 'नव्हतं' लिहिता येईना. बरंच झालं. कशाच्या आड लपायला जागा उरली नाही. आधी तू वाच. तिला द्यायचं की नाही, ते तू ठरव.


मुंगी,

मी तुझा आजोबा.

मी नळ बसवायचो. तेच माझं काम.

तू बाळ होतीस. आई आजारी होती. तिला जिना उतरायला लागू नये, हा माझा विचार. मी वर एक नळ बसवला.

नळ जोडायला मी शिसं वापरलं. शिसं हे विष आहे. गरम पाणी ते विष ओढून घेतं. मला हे ठाऊक होतं.

तरी मी आईला सांगितलं, दुधाला हेच पाणी घे.

आई घेत गेली. तू पीत गेलीस.

मग तू आजारी पडलीस. सगळे आईला रागावले. मीही रागावलो. मला खरं ठाऊक होतं. मी बोललो नाही. मी घाबरलो.

आईची भांडी चांगली होती. आईचे रंग चांगले होते. तिचे हात चांगले होते.

तुला वाचायला वेळ लागतो. ती तुझी चूक नाही. आईची चूक नाही. ती माझी चूक आहे.

हे आईला वाचून दाखव. हळू वाच. अडलं तर थांब, मग पुढे जा.

तुझी चूक नाही, असं आईला आजवर घरात कोणी सांगितलं नाही. तू सांग.

आजोबा